यादी छोटी करा, जुडी नको

इराणी स्वयंपाकाचं एखादं चांगलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं की मराठी वाचक साहित्याच्या यादीतल्या आकड्यांपाशी अडखळतो. चार कप बारीक चिरलेली पार्सली, कपभर कोथिंबीर, कपभर पातीच्या कांद्याची पात, वर मेथी. आणि एवढं सगळं चार-सहा माणसांच्या एका पातेल्यासाठी. कोथिंबीर शेवटी वरून भुरभुरवायची, पुदिना चटणीपुरता आणायचा, या सवयीमुळे आपला हात आपोआप आखडतो. चार कपांचा एक कप होतो. बाकीची यादी मात्र निष्ठेने पाळली जाते: केशर, वाळवलेली लिंबं, लांबून मागवलेली आंबट फळं, सांगितलेलं तूप, सांगितलेला तांदूळ. एवढं करून पातेल्यात तयार होतो राजम्याचा एक फिका रस्सा, आणि पुस्तक कपाटात जातं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. अशा पुस्तकातून घरी स्वयंपाक करायचा असेल तर काटकसर बाकी सगळ्यात करावी, पानांत करू नये. यादीतले चार जिन्नस गाळले तरी पदार्थ आपल्या पायावर उभा राहतो. पानं निम्मी केली की तो पदार्थच राहत नाही.

उदाहरणासाठी नजमिये बतमंगलिज यांचं ‘फूड ऑफ लाइफ’ घेऊ, कारण इंग्रजीतून इराणी स्वयंपाक शिकणाऱ्यांना हे पुस्तक हमखास सुचवलं जातं. १९७९ च्या क्रांतीनंतर इराण सोडून त्या फ्रान्समध्ये गेल्या, १९८४ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक फ्रेंचमध्ये आलं, आणि अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९८६ मध्ये हे इंग्रजी पुस्तक. म्हणजे मायभूमीचा बाजार हातचा गेल्यावर, परक्या दुकानांत जे मिळतं त्यातून आपलं घरचं जेवण उभं करायचं, या गरजेतून ते लिहिलं गेलं आहे. म्हणूनच अमुक नसेल तर तमुक घ्या अशी मुभा अशा पुस्तकांत जागोजाग असते. पण ही मुभा जिन्नस बदलण्याची आहे, पाल्याचा ढीग कमी करण्याची नाही. पानांच्या बाबतीत तितकेच उदार असलेले योताम ओतोलेंघी यांचंही हेच. जेरुसलेममध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये नाव कमावलेले हे लेखक ‘प्लेंटी’पासून (२०१०) घराघरांत पोहोचले, आणि त्यांच्या पाककृतींची यादी फार लांबते ही तक्रारही सोबत पोहोचली. २०१८ च्या ‘सिंपल’मध्ये त्यांनी तिला उत्तर दिलं. त्यातल्या पाककृतींच्या एका गटाला १० किंवा त्याहून कमी जिन्नसांची मर्यादा आहे. यादीला कात्री लागली, पण कोथिंबीर-पुदिन्याची मूठ तिथेही सैलच आहे. ज्यांनी ही पुस्तकं लिहिली त्यांनीच काय कमी करता येतं आणि काय नाही हे दाखवून दिलं आहे.

पानं इतकी का लागतात, याचं एक उत्तर साधं आहे. कोथिंबीर, पार्सली, शेपू अशा कोवळ्या पानांत ८५ ते ९२ टक्के पाणी असतं. परात भरून दिसणारा ढीग तेलात पंधरा-वीस मिनिटं परतला की वाटीत मावतो. मेथीची भाजी करणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. चार माणसांच्या मेथीसाठी दोन मोठ्या जुड्या आणताना आपला हात आखडत नाही, कारण ती आपल्या हिशेबात भाजी असते. इराणी स्वयंपाकात कोथिंबीर आणि पार्सलीही त्याच हिशेबात धरायची. घोर्मे सब्जी या प्रसिद्ध पदार्थात रस्सा दाट होतो तो परतलेल्या पाल्याने. त्यात पीठ नाही, वाटण नाही, नारळ नाही. पाला कमी पडला की रस्सा पाण्यासारखा पळतो, आणि मग कॉर्नफ्लोअर लावायचा मोह होतो. कूकू सब्जीत अंडी असतात, पण ती पानं धरून ठेवण्यापुरती. पाच अंड्यांना निवडून, धुऊन, कोरडी केलेली अडीचशे ग्रॅम पानं असा हिशेब धरला तर कापल्यावर आतून गर्द हिरवी वडी दिसते. पन्नास ग्रॅम घातली तर कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट होतं. तेही चांगलं लागतं, पण त्यासाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नव्हती. आपल्या कोथिंबीर वडीत बेसन जे काम करतं तेच तिथे अंडं करतं. पानांना पदार्थाचं शरीर मानण्याची सवय मराठी स्वयंपाकघराला आहेच, अळूच्या फदफद्यापासून शेपूच्या भाजीपर्यंत. परक्या पुस्तकासमोर बसलं की आपण ती उगाच विसरतो.

दुसरा अडथळा मापाचा आहे, आणि तो खरा आहे. कप हे पानांसाठी फार फसवं माप. अख्खी पानं कपात सैल टाकली तर पंधरा-वीस ग्रॅम भरतात. तीच बारीक चिरून दाबून भरली तर पन्नास-साठ ग्रॅम. तिपटीचा फरक एका शब्दात लपलेला असतो. ‘चार कप बारीक चिरलेली’ असं वाचलं की दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम समजावं, आणि तेही निवडल्यानंतरचं वजन. आपल्याकडच्या जुडीचं वजन तर गावागणिक, ऋतूगणिक आणि विक्रेत्याच्या मर्जीगणिक बदलतं; मुळं, माती आणि जाड देठ काढून टाकल्यावर मेथीची जुडी निम्म्याच्या आसपास उरते. म्हणून या कामाला वजनकाटा हवा. स्वयंपाकघरात केशराच्या डबीआधी साधा डिजिटल काटा यावा असं मी म्हणेन. एकदा आपल्या नेहमीच्या भाजीवालीची जुडी निवडून वजन केलं की पुढे अंदाज पक्का बसतो. कोथिंबिरीचे कोवळे देठ मात्र टाकू नयेत. त्यांत पानांइतकाच वास असतो आणि परतण्याच्या पदार्थांत ते बारीक चिरून बेलाशक जातात. पार्सलीचंही तसंच. मेथी, पुदिना आणि शेपू यांचे जाड देठ मात्र बाजूलाच.

आता पुस्तक कसं वाचावं. बहुतेक जण फोटो पाहून पदार्थ निवडतात, मग त्या एका पदार्थासाठी सहा जुड्या आणतात, प्रत्येकीतला निम्मा भाग वापरतात आणि उरलेलं आठवड्याच्या शेवटी कचऱ्यात जातं. त्यापेक्षा आधी पानं शिजवण्याच्या रीती वेगळ्या काढाव्यात. पाककृती कितीही असल्या तरी या रीती मोजक्याच आहेत, आणि त्या हातात बसल्या की पुस्तकाचा मोठा भाग आपोआप उलगडतो. सर्वांत सोपी रीत म्हणजे कच्ची पानं. सब्जी खोर्दन नावाने इराणी जेवणात ताटभर पुदिना, गोडी तुळस, कांद्याची पात, मुळा आणि सोबत पांढरं खारट चीज व रोटी ठेवतात. यात शिजवणं काहीच नाही. पानं ताजी आणि कोरडी असली की काम झालं. दुसरी रीत तांदळाबरोबर वाफवण्याची. सब्जी पोलोत बासमती मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, दाणा बाहेरून मऊ आणि आत किंचित कच्चा असताना निथळतात, मग भात आणि चिरलेली पानं यांचे थर लावून दमावर ठेवतात. तळाशी तहदीग म्हणून ओळखला जाणारा सोनेरी, कुरकुरीत थर धरतो. पानं इथे फक्त वाफेवर शिजतात, म्हणून त्यांचा रंग आणि वास बराच टिकतो. अट एकच, पानं कोरडी हवीत, नाहीतर भाताचा गिचका होतो.

परतण्याची रीत यापेक्षा बरीच वेगळी आहे आणि मराठी हाताला सर्वांत जास्त फसवणारीही हीच. घोर्मे सब्जीसाठी चिरलेला पाला भरपूर तेलात, मध्यम ते मंद आचेवर, सतत हलवत पंधरा-वीस मिनिटं परततात. आधी पाणी सुटतं, मग आटतं, मग पाला गर्द होतो आणि कडेने तेल दिसू लागतं. तिथे थांबायचं. त्याआधी थांबलात तर रश्शाला कच्चट, गवतासारखा वास येतो. नंतर पाच मिनिटं जास्त ठेवलंत तर काळपट कडू होतं, आणि हा कडूपणा कशानेही जात नाही. इथे हिरवा रंग टिकवण्याचा अट्टहास सोडावा. आच आणि आंबटपणा यांपुढे पानातलं हरितद्रव्य टिकत नाही, त्याचा रंग शेवाळी होतो. दोन-अडीच तास शिजलेल्या घोर्मे सब्जीचा रंग तसाच असायला हवा. ज्यांना पालक पनीरच्या चकचकीत हिरव्या रंगाची सवय आहे त्यांना हे बिघडल्यासारखं वाटतं, तसं ते नाही. कोथिंबिरीचा ताजा, टोचणारा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती फार लवकर उडून जातात. परतल्यावर उरते ती खोल, खमंग, जवळजवळ सुक्या चहासारखी चव. तीच या पदार्थाला हवी असते, आणि ती यायला पानं भरपूरच लागतात.

शेवटची रीत फोडणीची, आणि ती आपल्याला उपजत कळते. आश रेश्ते म्हणजे कडधान्यं, पालक, कोथिंबीर, कांद्याची पात आणि शेवया यांचं दाट सूप. त्यावर कांदा तळून घालतात आणि वाळलेल्या पुदिन्याची फोडणी ओततात. तेल तापवून गॅस बंद करायचा, हळद आणि चुरलेला पुदिना टाकायचा, चार-पाच सेकंदांत पातेल्यावर ओतायचं. मोहरी तडतडेपर्यंत थांबणारा हात इथे थांबला तर पुदिना जळलाच. इथे ताजा पुदिना चालत नाही, वाळलेलाच हवा. वाळवून उपयोगी राहणारी पानं आणि वाळवून फुकट जाणारी पानं यांतला भेद इथे नीट लक्षात घेण्यासारखा आहे. पुदिना, मेथी, ओवासदृश ओरेगानो वाळल्यावरही बोलतात. कोथिंबीर आणि पार्सली वाळल्यावर हिरवा भुसा उरतो. म्हणून ‘ताजी नसेल तर वाळलेली एक तृतीयांश घ्या’ हा सरसकट नियम या पुस्तकांना लावू नये.

ओळखीची पानंच कधी कधी जास्त घोटाळा करतात. मेथी हे त्याचं ठळक उदाहरण. मराठी घरात मेथी ही अख्खी भाजी असते, त्यामुळे घोर्मे सब्जीच्या यादीत ती दिसली की बरं वाटतं आणि पार्सलीची उणीव मेथीने भरून काढावीशी वाटते. तसं केलं तर पातेलंभर कडू रस्सा होतो. मेथीचा वाटा तिथे लहान असतो, पण तिच्या वासाशिवाय हा पदार्थ ओळखू येत नाही. वाळलेली कसुरी मेथी चमचा-दोन चमचे, तीही पाला परतून होत आल्यावर, पुरेशी आहे. शेपूचं उलट. तो घोर्मे सब्जीत सहसा जात नाही, पण भातात राजासारखा वावरतो. बाघाली पोलोत शेपू आणि बाकल्याच्या सोललेल्या बिया असतात. बाकला मिळाला नाही तर वालाच्या डाळिंब्या किंवा सोललेले पावटे घेऊन हा भात उत्तम होतो, आणि डाळिंब्यांचा तो किंचित कडवटपणा शेपूला शोभतो. ज्यांना शेपूची मूगडाळ घातलेली भाजी आवडत नाही त्यांनी तो या भातात एकदा खाऊन पाहावा. घरातली तुळस मात्र यादीतल्या गोड्या तुळशीची जागा घेऊ शकत नाही, तिच्यात लवंगेसारखा तिखट वास असतो. त्या पानांसाठी सब्जा लावावा. फालुद्यात घालतो तो सब्जा या गोड्या तुळशीच्या जातीचंच बी आहे आणि ते कुंडीत सहज उगवतं.

मग यादीतून काढायचं काय? माझ्या मते पहिल्या वर्षी केशर, झेरेश्क आणि टॅरागॉन निःशंक गाळावेत. झेरेश्क ही लहान, लाल, आंबट सुकी फळं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानिया अँड कंपनीचा बेरी पुलाव ज्यांनी खाल्ला आहे त्यांना ती ठाऊक आहेत. कूकूत ती छान लागतात, पण नसली तर वाढताना लिंबू पिळावं आणि अक्रोड तेवढे ठेवावेत. टॅरागॉनला बडीशेपेसारखा वास असतो, म्हणून बडीशेपेचा कोवळा पाला मिळाला तर तो थोडा घालावा, नाहीतर सोडून द्यावा. वाळवलेल्या लिंबांबाबत मात्र मी सहज सोडा म्हणणार नाही. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात कडक वाळवलेल्या या लिंबांना आंबटपणासोबत एक आंबलेला, धुरकट कडवटपणा असतो आणि घोर्मे सब्जीचा अर्धा स्वभाव त्यात आहे. ती वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे एकदा मागवणं परवडतं. मिळेपर्यंत ताज्या लिंबाचा रस शेवटी घालावा. आमसूल घालू नये, कारण त्याचा रंग आणि वास पदार्थाला थेट कोकणात नेऊन सोडतो. पार्सली न मिळणाऱ्या गावात अर्धा वाटा पालक, उरलेला कोवळ्या देठांसह कोथिंबीर, आणि मिळाली तर सेलरीची चार पानं, असं मिश्रण करावं. चव हुबेहूब येणार नाही, पण पार्सलीचं तिथलं काम मुख्यतः सौम्य, हिरवं अंग देण्याचं आहे आणि ते पालक करतो. इराणी पातीऐवजी पातीच्या कांद्याचा हिरवा भाग आणि सोबत थोडी लसणाची पात घेतली तर फारसं काही हरवत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: पाऊण किलो पाला निवडायचा, धुवायचा, चिरायचा, एवढा वेळ कुणाकडे आहे? याचं उत्तर इराणी घरांनीच शोधून ठेवलं आहे. तिथेही रोज कुणी ढीगभर पाला निवडत बसत नाही. हंगामात एकदम निवडून, चिरून, परतून फ्रीजरमध्ये ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि तयार चिरलेला, परतलेला गोठवलेला पाला दुकानांतही मिळतो. मग परक्या शहरातल्या घरगुती स्वयंपाक्याने दर वेळी सगळं नव्याने करण्याचा हट्ट का धरावा? महिन्यातून एका सकाळी दोघातिघांनी मिळून दीड किलो पाला निवडावा. मोठ्या पातेल्यात पाणी भरून पानं बुडवावीत आणि हाताने उचलून चाळणीत काढावीत; पातेलं चाळणीवर ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावं. मग जुन्या सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते आणि निम्मे पदार्थ तिथेच बिघडतात. ओला पाला चिरताना चेंदतो, तेलात परतण्याऐवजी उकडतो आणि फ्रीजरमध्ये त्याचा बर्फाचा गोळा होतो. चिरायला धारदार सुरी किंवा विळी हवी. बोथट पात्याने पान कापलं जात नाही, चुरडलं जातं आणि कडा काळ्या पडतात. मिक्सर तर नकोच. त्यातून चटणी निघते, चिरलेला पाला नाही. परतलेला पाला गार करून एका वेळच्या मापाने पिशव्यांत चपटा भरावा, वर तारीख आणि पदार्थाचं नाव लिहावं. तीन महिने तो चांगला राहतो. एवढं केल्यावर घोर्मे सब्जी हा कामाच्या दिवशीही जमणारा पदार्थ होतो, कारण संध्याकाळी करायला उरतं ते फक्त कडधान्य शिजवणं आणि मंद आचेवर वाट पाहणं.

वाया जाण्याची आणि खर्चाची भीतीही पाल्यानुसार नियोजन केलं की बरीच कमी होते. आठवड्यात एकाच पाल्याभोवती फिरणारे तीन पदार्थ निवडावेत: बाजाराच्या दिवशी कच्च्या पानांचं ताट, दुसऱ्या दिवशी कूकू, त्यानंतर भात, आणि जे उरेल ते परतून फ्रीजरमध्ये. या क्रमात पानं ताजेपणा गमावत जातात तसतशी जास्त शिजवली जातात. साठवताना कोथिंबीर, पार्सली आणि शेपू किंचित ओलसर कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावेत, पिकलेली केळी आणि टोमॅटो यांच्यापासून दूर. त्या फळांतून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात. सब्जाची पानं फ्रीजमध्ये ठेवू नयेत. दहा अंशांखालच्या थंडीत ती काळी पडतात, म्हणून त्यांचे देठ पाण्याच्या ग्लासात बुडवून ओट्यावरच ठेवावेत. ऋतूही पाहावा. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या पुस्तकांचा खरा हंगाम आहे: मेथी, शेपू, कोथिंबीर, पातीचा कांदा, लसणाची पात सगळं एकदम, कोवळं आणि स्वस्त. पावसाळ्यात पालेभाजी महाग, चिखलाळ आणि लवकर सडणारी असते. तेव्हा फ्रीजरवर राहावं आणि कच्च्या पानांचं ताट तर टाळावंच. परदेशातल्या मराठी वाचकांची अडचण उलटी आहे. सुपरमार्केटमध्ये पंचवीस-तीस ग्रॅमच्या प्लास्टिकच्या डब्यांत पानं विकतात, आणि त्या भावाने हे पुस्तक कुणालाच परवडणार नाही. इराणी, तुर्की किंवा भारतीय दुकान गाठावं. तिथे मोठ्या जुड्या मिळतात, आणि इराणी दुकानात वाळवलेली लिंबंही.

शाकाहारी वाचकांचा प्रश्न वेगळा. इराणी रश्शांत मांस असतं, मग ते वगळून काय उरतं? घोर्मे सब्जीत खूपच उरतं, कारण तिचा गाभा पाला आणि राजमा आहे. मांसाऐवजी मशरूम चांगले तपकिरी परतून घालावेत, तेल जरा सढळ ठेवावं. राजमा भिजवून आधी कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून घ्यावा, मगच लिंबाची आंबट संगत द्यावी. आंबटात राजमा मऊ होत नाही. स्लो कुकर वापरणाऱ्यांनी राजमा थेट त्यात घालू नये, आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा, कारण कच्च्या राजम्यातलं एक विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. आश रेश्तेवर घालायच्या कश्क या आंबट-खारट दुग्धपदार्थाऐवजी चक्क्यात मीठ आणि थोडं पाणी फेटून घालावं. अंडं न खाणाऱ्यांनी कूकूच्या पाल्याला बेसनात बांधून, अक्रोड घालून वाफवावं आणि कापून परतावं. त्याला कूकू म्हणू नये, ती आपली वडीच झाली, पण शेपू आणि पातीमुळे वेगळी आणि फार चवदार. एवढे बदल केल्यावर हे अस्सल राहिलं का, असं कुणी विचारील. मला वाटतं अस्सलपणाची कसोटी जिन्नसांच्या संख्येवर लावण्यापेक्षा पदार्थाच्या बांधणीवर लावावी. पाल्याने दाट झालेला, लिंबाने आंबट झालेला, मेथीचा वास येणारा मशरूमचा रस्सा मूळ पदार्थाच्या जवळ आहे. मटण, केशर आणि मूठभर पार्सली घातलेला पातळ रस्सा नाही.

एक सावधगिरी वैद्यकीय आहे. पार्सलीत १०० ग्रॅमला दीड हजार मायक्रोग्रॅमहून अधिक के-जीवनसत्त्व असतं, बाकीच्या गर्द पानांतही बरंच. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांचं औषधाचं माप रोजच्या आहारातल्या के-जीवनसत्त्वाशी जुळवलेलं असतं, त्यामुळे एरवी न खाल्लेला पाला एकदम वाटीभर खाणं त्यांच्यासाठी ठीक नाही. घरात असं कुणी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

पहिल्या हिवाळ्यात सुरुवात कूकूपासून करावी: एक तवा, एक झाकण, चाळीस मिनिटं, आणि पानांचं प्रमाण डोळ्यांत बसतं. मग शेपू-डाळिंब्यांचा भात, कारण त्यातली पानं सगळी ओळखीची आहेत. घोर्मे सब्जी जानेवारीत, सुट्टीच्या दिवशी, आणि करताना दुप्पट पाला परतून अर्धा गोठवावा. आश रेश्ते त्यानंतर. तोवर फोडणीतल्या पुदिन्याची घाई हाताला कळलेली असते. मार्चच्या २० किंवा २१ तारखेला नवरोज येतो, त्या दिवशी इराणी घरांत सब्जी पोलो मासळीबरोबर वाढतात. आपल्याकडे तेव्हा मेथी-शेपूचा बहर सरत आलेला असतो. म्हणून तो भात करायचा असेल तर शेपू आणि कोथिंबीर फेब्रुवारीच्या अखेरीस घेऊन, नुसती चिरून, न परतता वेगळ्या पिशवीत गोठवून ठेवावी, आणि थर लावताना ती वितळू न देता थेट फ्रीजरमधून भातावर पसरावी.